सतरावं गिऱ्हाईक

१

वॉल्ड्रन विद्यापीठाच्या संगणक भांडारातून विकलं गेलेलं एक नवंकोरं वर्कस्टेशन नव्वद मैलांवरच्या शहरात एका दाताच्या डॉक्टरकडे सापडलं, आणि ग्रासिएला बेनितेसच्या तोंडचं पाणी पळालं. कागदोपत्री ते यंत्र तिने विकत घेतलेलं होतं. प्रत्यक्षात तिने ते कधी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं.

निदान तिचं म्हणणं तरी असं होतं. सोमवारी सकाळी ती डोरथी क्वामेच्या खोलीत बसून हेच सांगत होती. डोरथी तीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. निवृत्तीनंतर तिला तिसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन खुर्च्या आणि 'तक्रार निवारण' अशी पाटी मिळाली होती. सगळे तिला तक्रारबाई म्हणत, काही तोंडावरसुद्धा.

"मिसेस क्वामे, मी चोर नाही."

"तुला चोर कोण म्हणालं?"

"पत्रात चोर लिहिलेलं नाही. 'सवलतीचा गैरवापर' लिहिलंय. शब्द तेवढा इस्त्री केलेला, अर्थ तोच."

डोरथीने पत्र वाचलं. कॅस्टर कंपनीची वर्कस्टेशन्स विद्यापीठातल्या माणसांना निम्म्याहून कमी किमतीत मिळत. खरेदी करणारा प्राध्यापक, कर्मचारी किंवा पूर्णवेळ विद्यार्थी हवा. माणशी एकच यंत्र. स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवून न्यायचं. दोन वर्षं विकायचं नाही. विकलं तर विद्यार्थ्याचं नाव विद्यापीठातून कमी. दाताच्या डॉक्टरचं यंत्र बिघडलं, त्याने कंपनीला क्रमांक कळवला, कंपनीने भांडाराला पत्र टाकलं आणि भांडाराने विद्यापीठाच्या शिस्त समितीकडे तक्रार केली. सुनावणी गुरुवारी दहाला होती.

"नाव कमी झालं की व्हिसा संपला," ग्रासिएला म्हणाली. "मग चार वर्षांचं काम इथे आणि मी पराग्वेत. आमच्याकडे चाकोच्या कोरड्या पट्ट्यात विहीर खणली की खारं पाणी लागतं. गोडं पाणी कुठे आहे ते शोधायचं गणित मी मांडतेय. अजून एक वर्ष लागेल मला. एकच."

डोरथीने फाइलमधून हिरवा फॉर्म काढून तिच्यापुढे धरला. "ही सही कुणाची?"

मुलीने फॉर्म हातात घेतला. तिने सहीवरून बोट फिरवलं.

"माझीच आहे," ती म्हणाली.

२

डोरथीच्या मनात तेव्हा जे आलं ते फारसं चांगलं नव्हतं. पोरगी रडून-भेकून वेळ मारून नेतेय, असं तिला वाटलं. ग्रंथालयात तीस वर्षं 'मी पुस्तक परत केलं होतं' ऐकून माणसाचं असंच होतं.

"म्हणजे तू यंत्र घेतलंस."

"नाही! मी फॉर्म भरला. चौदा सप्टेंबरला. काउंटरवर त्या बाई आहेत ना, जनीन, त्यांनी नोंदणी कार्यालयाला फोन लावला आणि मला म्हणाल्या, पोरी, तुझं जमत नाही, मार्गदर्शकाचं पत्र आण. तेवढ्यात मी भिंतीवरची किंमत पाहिली. निम्मी झाली तरी माझा पाच महिन्यांचा पगार! मी आभार मानले आणि निघून आले."

"आणि फॉर्म?"

"काउंटरवरच राहिला. न झालेल्या खरेदीचा फॉर्म कोण घरी नेतं?"

डोरथीने फॉर्म पुन्हा पाहिला. वरचा अर्धा भाग निळ्या शाईत, हाताने भरलेला होता: नाव, पत्ता, विभाग, सही. खालचा अर्धा, 'कार्यालयासाठी' म्हणून आखलेला, टाइपरायटरवर भरलेला होता. पूर्णवेळ विद्यार्थी: होय. क्रेडिट: नऊ. विक्री क्रमांक सतरा. यंत्र दिल्याची तारीख बावीस ऑक्टोबर.

"तू तिथे गेली होतीस हे कुणाला माहीत होतं?"

ग्रासिएला घुटमळली. तिने थर्मासमधलं गरम पाणी आपल्या देशाकडच्या कडू पाल्याच्या चहाच्या पेल्यात ओतलं आणि ते न पिताच ठेवून दिलं.

"माझ्या मार्गदर्शकांना, प्रोफेसर लिंडालना. मला तिथे त्यांनीच पाठवलं होतं."

३

रेक्सफर्ड लिंडाल हा भूजलशास्त्राचा मोठा माणूस, आवाजानेही मोठा. डोरथीने विषय काढताच त्याने खुर्ची मागे ढकलली.

"अहो, मला दुसरं यंत्र हवं होतं, नाही कशाला म्हणू? माझ्या नावावर एक घेऊन झालंय. विभागाकडे मागितलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात. ते पुढचं वर्ष गेली तीन वर्षं येतंय! म्हणून ग्रासिएलाला म्हटलं, तू घे, वापर दोघांचा. नियमात बसत नाही म्हणता? मग इथल्या निम्म्या प्राध्यापकांना उभं करा त्या समितीपुढे."

"म्हणजे तुम्ही तिच्या नावाने…"

"काही नाही केलं मी! तिला माझं पत्र हवं होतं, आणि ते मागायला ती परत आलीच नाही."

"पत्र कशासाठी लागतं?"

लिंडालने अडाण्याला शिकवावं तसा सुस्कारा सोडला. "पूर्णवेळ म्हणजे नऊ क्रेडिट. पण पात्रता परीक्षा झाली की विद्यार्थी वर्गात बसत नाही, नुसता प्रबंध लिहितो. मग तो एकच क्रेडिट घेतो. राबतो बिचारा पूर्वीच्या दुप्पट, पण तुमच्या भांडाराच्या लेखी तो अर्धवेळ. मार्गदर्शकाने लिहून दिलं की हा पूर्णवेळच आहे, तर यंत्र मिळतं. दोन ओळींचं काम आहे. मला लबाडी करायची असती तर त्या दोन ओळी खरडून मी मोकळा झालो असतो."

यात तथ्य होतं. ज्याच्या हातात किल्ली आहे तो कुलूप कशाला फोडेल? डोरथीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मागे पत्र जोडलेलं नव्हतं. पत्राची गरजच पडली नव्हती, कारण खाली टाइप केलं होतं: क्रेडिट नऊ.

तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. लिंडालने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्याचा मोठा आवाज एकदम बसला.

"नऊ? हे कुणी लिहिलं? दहा सप्टेंबरला मी स्वतः सही करून तिचे नऊचे एक केलेत."

४

संगणक भांडार विद्यार्थी भवनाच्या तळघरात होतं. मंगळवारी डोरथी त्याच्या पायऱ्या रेंगाळत उतरली, आणि त्याला कारण होतं. भांडाराचा व्यवस्थापक वॉल्ट प्रोहास्का गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी तिच्या घरी पत्ते खेळायला येत होता. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या दारापुढचं बर्फ महिनाभर न सांगता वॉल्टनेच काढलं होतं.

"ये डॉट! विकत घ्यायला आलीस की भांडायला?"

"बघू. आधी कॉफी पाज."

वॉल्टच्या खोलीत सगळं जिथल्या तिथे असे. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात नियमांचा हिरवा कागद होता, त्यानेच लिहिलेला. डाव्या कोपऱ्यात नोंदणी कार्यालयाची छापील यादी होती, एक सप्टेंबरची: प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव आणि क्रेडिट. यादी अशी कोरी आणि स्वच्छ की तिच्यावर कुणी बोटसुद्धा टेकवलं नसावं. मागे भिंतीवर पितळी पट्टी चमकत होती. या सत्रात वीस व्यक्तींना वर्कस्टेशन विकल्याबद्दल ती कॅस्टर कंपनीने दिली होती.

"त्या बेनितेसचं प्रकरण ना?" वॉल्ट म्हणाला. "मुलगी गोड असेल, डॉट. पण कागद गोड नसतो आणि कडूही नसतो. मी गिऱ्हाइकाचं तोंड बघतच नाही, म्हणून तर माझ्याकडे वशिला चालत नाही. यादीत नऊ आहे, फॉर्मवर नऊ आहे, सही तिची आहे."

"खालचा भाग कोण टाइप करतं?"

"जनीन. नंतर मी तपासतो."

"आणि यंत्र हातात कोण देतं?"

वॉल्टने कॉफीचा कप बाजूला सारला. मग खण उघडून त्याने एक चिठ्ठी काढली आणि नको नको म्हणत असल्यासारखी तिच्यापुढे ठेवली. "हे मी समितीला दिलेलं नाही. जनीन माझ्याकडे अकरा वर्षं आहे. ती असलं काही करणार नाही."

ती यंत्र दिल्याची पावती होती. 'ओळखपत्र पाहिले' या चौकोनात खूण होती, आणि खाली जांभळा रबरी शिक्का: जनीन अटली.

५

जनीन मागच्या छोट्या स्वयंपाकघरात डबा खात बसली होती. पावती पाहताच तिने काटा खाली ठेवला.

"हा शिक्का माझाच आहे. पण मी नाही मारला. डोरथी, मी अशी माणसं विसरत नाही. विभागांची यंत्रं ढिगाने जातात, ती मला नाही आठवत. पण स्वतःच्या खिशातून घेणारं माणूस चारदा येतं, किंमत वाचतं, घाम पुसतं, बायकोला घेऊन येतं. ती मुलगी एकदाच आली आणि गेली."

"शिक्का असतो कुठे?"

"काउंटरच्या खणात. खणाला कुलूप नाही. इथे आम्ही दोघंच, कुलूप लावू कुणापासून?" हे बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "माझ्यावर येणार का गं हे? मला या वयात दुसरीकडे कोण घेईल?"

डोरथीने तिच्या दंडावर हात ठेवला. "तू टाइप करताना क्रेडिट कुठून घेतेस? त्या यादीतून?"

"कोण मी? ती यादी म्हणजे शिळा पाव!" जनीनला त्या घाबरलेल्या अवस्थेतही चेव आला. "एक तारखेला छापतात. पुढचे दोन आठवडे पोरं विषय टाकतात, सोडतात, निम्मे आकडे बदलतात. काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही विचार. मी फोन लावते आणि पेन्सिलीने दुरुस्त करते."

तिने काउंटरखालची आपली प्रत आणून टेबलावर ठेवली. पानं चुरगळलेली, कॉफीचे डाग, पेन्सिलीच्या रेघाच रेघा. डोरथीने बेनितेस शोधलं. छापील नऊ खोडून शेजारी एक लिहिला होता, आणि तारीखही होती: चौदा सप्टेंबर.

डोरथीने ते दोनदा वाचलं. मग तिने विचारलं, आणि विचारताना तिला उत्तर ऐकायची अजिबात इच्छा नव्हती.

"जनीन, या सत्रात तू अशा स्वतःसाठी घेणाऱ्या किती माणसांना यंत्र दिलंस? आठवून सांग."

जनीनने बोटांवर मोजत नावं घेतली. संगीताचा म्हातारा प्राध्यापक. जुळ्या बहिणी, दोघींची दोन. एका पाद्र्याचा मुलगा. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चौदा," ती म्हणाली. "चौदाच. का गं?"

पितळी पट्टीवर वीस होते.

६

बुधवारी दुपारी डोरथी वॉल्टच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिने कॉफी मागितली नाही.

"मी बोलते, तू ऐक. चुकले तर मला हस, शुक्रवारी सगळ्यांना सांग."

वॉल्टने हातातलं पेन टेबलावर सरळ रेषेत ठेवलं.

"वरचा भाग मुलीनेच भरला, पण तिची खरेदी झाली नाही. फॉर्म इथेच राहिला. खालचा भाग नंतर इथे, या भांडारात टाइप झाला, म्हणजे प्रोफेसर बाजूला झाला. शिवाय त्याच्या दोन ओळींत काम भागलं असतं. राहता राहिलात तुम्ही दोघं. जनीनने स्वतःच्या हाताने नऊ खोडून एक लिहिला होता, तारखेनिशी. तिला खोटी विक्री दाखवायची असती तर जिचं जमत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्याच मुलीचा फॉर्म ती उचलेल? आणि स्वतःच्याच यादीविरुद्ध आकडा टाइप करेल? हा नऊ फक्त एकाच माणसाला खरा वाटू शकतो. जो काउंटरवर कधी उभा राहिला नाही आणि ज्याच्या यादीवर पेन्सिल फिरलेली नाही. वॉल्ट, अशी यादी एकच आहे. ती तुझ्या डाव्या हाताला आहे."

वॉल्टने यादीकडे पाहिलं. तो नाकारेल असं तिला वाटत होतं, त्याने नाकारावं असंही कुठेतरी वाटत होतं.

"ते आकडे बदलतात?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "मला जनीन कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

तो उठून खिडकीशी गेला. तळघराच्या खिडकीतून वरच्या रस्त्यावरचे नुसते बूट दिसत होते.

"कंपनीने लिहिलं, सत्रात वीस माणसांनी घेतलं नाही तर सवलत बंद. विभागांना विकलेली त्यात धरत नाहीत. आणि सवलत गेली तर भांडार पुस्तकांच्या दुकानाला जोडायचं आणि आम्हा दोघांना काढायचं, असं वरून आलं. पोरं नूडल्सवर दिवस काढतात, डॉट, ती काय वर्कस्टेशन घेणार? येतात, फॉर्म भरतात, किंमत बघतात, जातात. माझ्याकडे अशा फॉर्मांनी खण भरलाय. सहा काढले. म्हातारपणासाठी ठेवलेल्यातून सहा यंत्रं घेतली आणि शहरात घेतल्याच भावात देऊन टाकली. मी एक डॉलर नाही कमावला."

"मला माहीत आहे. पण दाताच्या डॉक्टरबद्दलचं पत्र आल्यावर तुला लिहिता आलं असतं की चूक आमची आहे."

"मग सहाही बाहेर आले असते. नियम सांगतो, खरेदीदारावर तक्रार करा." तो ओशाळं हसला. "नियम माझाच."

"ती मुलगी बुडेल, वॉल्ट."

"ती हुशार आहे. कुठेही शिकेल. जनीनला कोण घेईल सांग? बावन्न वर्षांची आहे ती. तू एवढा गुरुवार जाऊ दे. एकच दिवस. बावीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही."

डोरथीला रडू आलं. त्याने खरंच काही मागितलं नव्हतं. दिलं होतं ते सगळं तिला त्या क्षणी आठवलं आणि तिला त्याचा फार राग आला, स्वतःचाही.

"जनीनच्या नावाचा शिक्का मारलास तेव्हा जनीन आठवली होती का? आणि काल ती पावती माझ्यापुढे सरकवलीस तेव्हा?"

वॉल्टने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं.

"उद्या दहाला मी समितीपुढे बोलणार आहे," ती म्हणाली. "त्याआधी तू बोललास तर मला गप्प बसता येईल. एवढंच मी तुझ्यासाठी करू शकते."

७

गुरुवारी दहा वाजले तरी वॉल्टची खुर्ची रिकामी होती. समितीचे तिघं एका बाजूला, ग्रासिएला दुसऱ्या बाजूला एकटी. तिने केस घट्ट बांधले होते आणि हात मांडीखाली दाबून धरले होते. लिंडाल भिंतीला टेकून उभा होता. जनीन मागच्या बाकावर बसली होती. अध्यक्षांनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"भांडारातर्फे कुणी आलेलं दिसत नाही. कागदपत्रं पुरेशी आहेत. सुरू करायचं?"

डोरथी उभी राहिली. "मला बोलायचं आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

वॉल्ट बर्फाने ओल्या झालेल्या बुटांनी आत आला. त्याने सहा हिरवे फॉर्म टेबलावर ओळीत मांडले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. स्वतःची बाजू त्याने घेतली नाही. जनीनचा शिक्का आपण मारला हे त्याने दोनदा सांगितलं, लिहून घेणाऱ्याने नीट लिहिलं की नाही ते पाहिलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. समितीने आणखी दोन मिनिटांत ग्रासिएलाविरुद्धची तक्रार काढून टाकली. भांडाराचं पुढे काय होणार हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मागच्या बाकावर जनीन तोंडावर रुमाल धरून रडत होती.

बाहेरच्या बोळात ग्रासिएलाने डोरथीला गाठलं.

"मिसेस क्वामे, एक विचारू? सोमवारी तुम्हाला माझं खरं वाटलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," डोरथी म्हणाली.

मुलीने मान हलवली. तिला ते अपेक्षित असावं.

एवढ्यात वॉल्ट खोलीतून बाहेर पडला. त्याला या दोघींना टाळून जायला वाट नव्हती. तो ग्रासिएलापुढे येऊन थांबला, नजर तिच्या बुटांवर.

"मिस बेनितेस, मला माफ करा. मी तुमचं वाईट चिंतलं नव्हतं. मी… मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं."

"मग आता बघा," ग्रासिएला म्हणाली.

ती रागावलेली दिसत नव्हती. फक्त बाजूला झाली नाही. बोळातून लोक वाट काढत गेले, लिंडालने दुरून हाक मारली, तरी ती हलली नाही. वॉल्टने मान वर करायला फार वेळ घेतला, आणि तो घेईल तेवढा वेळ ती तिथे उभी राहिली.